पाण्याने शीतल राहणारा संगणक

वैशाखातील भर दुपारी आष्टीच्या शिवारात ट्रॅक्टर तासन्‌तास नांगरट करतो, तरी त्याचे एंजिन जळून जात नाही. एंजिनाभोवती खेळणारे पाणी उष्णता शोषून घेते आणि पुढच्या रेडिएटरमध्ये नेते. तेथे पंख्याचा वारा ती उष्णता हवेत सोडून देतो. हीच युक्ती संगणकालाही उपयोगी पडते.

संगणकातील प्रोसेसर आकाराने लहान असतो; पण अवघड कामे करताना तो 100 वॅट किंवा त्याहूनही अधिक उष्णता निर्माण करतो. ती वेळीच दूर झाली नाही, तर त्याचा वेग मंदावतो आणि अखेर संगणक बंद पडतो. साध्या कामाला पंखा पुरतो. भारी कामासाठी पाण्याचे साहाय्य घ्यावे लागते. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेतील ‘परम ब्रह्म’ हा महासंगणकही द्रवाच्या साहाय्यानेच शीतल राखला जातो.

घरच्या संगणकासाठी अशी योजना प्रथमच करणाऱ्याने प्रत्येक भाग पारखून घ्यावा. प्रोसेसरवर वॉटर ब्लॉक नावाची तांब्याची पोकळ वडी बसते. ती त्या प्रोसेसरच्या बैठकीला जुळणारी हवी. पंप पाणी फिरवतो. मिनिटास 1 लिटर पाणी वाहत असेल, तर 280 वॅट उष्णता वाहून नेताना त्याचे तापमान केवळ 4 अंशांनी वाढते. म्हणून फार मोठ्या पंपाची आवश्यकता नसते. रेडिएटर मात्र पुरेसा मोठा असावा. कारण पाणी उष्णता नष्ट करीत नाही, फक्त वाहून नेते. तो संगणकाच्या पेटीत मावेल की नाही, हे विकत घेण्यापूर्वीच मोजून पाहावे. नळ्यांचा व्यास जोडांच्या व्यासाशी तंतोतंत जुळावा.

धातूंची निवड करताना विशेष सावध राहावे. वडी तांब्याची आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा असेल, तर एकाच पाण्यात या दोन धातूंमध्ये विद्युत्‌-रासायनिक क्रिया घडते आणि ॲल्युमिनियम हळूहळू झिजते. म्हणून रेडिएटरही तांब्याचाच घ्यावा. कूपनलिकेचे पाणी भांड्यांवर पांढरा थर धरते. तसाच थर वडीच्या बारीक खाचांतही बसेल. यास्तव ऊर्ध्वपातित पाणी घेऊन त्यात गंज व शेवाळ रोखणारे द्रव्य मिसळतात.

माठातील पाणी बाष्पीभवनामुळे हवेपेक्षा गार होते. येथे पाणी बंद नळ्यांतून फिरते. त्यामुळे खोलीत 40 अंश उष्णता असेल, तर पाणी त्याहून थंड होऊ शकत नाही. मात्र तेच थोडेसे पाणी महिनोन्‌महिने पुरते. आष्टीसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात या गुणाचे मोल सहज उमगेल.

सर्व जोडणी झाल्यावरही घाई करू नये. संगणकाची वीज बंद ठेवून फक्त पंप काही तास चालवावा आणि प्रत्येक जोडाखाली कोरा कागद ठेवावा. कागदावर एक थेंब जरी उमटला, तरी तो जोड पुन्हा घट्ट बसवावा. विजेच्या तारांवर पडलेला तोच थेंब मोलाचे यंत्र क्षणात निकामी करू शकतो. ज्या पाण्याने संगणक वाचतो, त्याच पाण्याने तो बिघडूही शकतो. अंतर असते ते केवळ सावधपणाचे.