चेहरा न दाखवणारा मास्तर

‘ब्रँड’ हा शब्द पूर्वी साबणाच्या वडीपुरता नि चहाच्या पुड्यापुरता होता. आता माणसाचाही ब्रँड असतो म्हणे! ‘मोठेपणी कोण होणार?’ असं विचारलं, की वर्गातले दोघे-तिघे तरी ‘यूट्यूबर’ म्हणतात आणि आई-बाबांच्या कपाळाला आठ्या पडतात. तर आज अशा एका माणसाची गोष्ट ऐका, ज्याच्यावर इंटरनेटवर लाखो मुलांनी विश्वास टाकला. आणि गंमत म्हणजे, त्याचा चेहरा त्या व्हिडिओंत दिसतच नव्हता.

त्याचं नाव सलमान खान. हसू नका! सिनेमातला नव्हे. हा अमेरिकेत जन्मलेला, बंगाली घरातला मुलगा. शिकून बॉस्टनला नोकरी करत होता. 2004 साली त्याची नात्यातली बहीण नादिया गणितात अडली. वय वर्षं 12. एका मापाचं दुसऱ्या मापात रूपांतर काही केल्या जमेना. ती राहायची न्यू ऑर्लीन्सला, म्हणजे दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूर. मग फोनवर बोलायचं आणि संगणकावर दोघांना दिसेल अशा पाटीवर लिहायचं, अशी शिकवणी सुरू झाली. हळूहळू बाकीची भावंडंही आली. प्रत्येकाला वेगळं कधी शिकवणार? मित्र म्हणाला, व्हिडिओ करून यूट्यूबवर टाक. खानला ते पटेना. यूट्यूब म्हणजे पियानो वाजवणाऱ्या मांजरांची जागा, असं त्याला वाटे! तरी 2006 मध्ये त्यानं ते करून पाहिलं.

काळा पडदा, त्यावर रंगीत अक्षरं आणि मागून आवाज. बस्स. चेहरा दिसला की लक्ष गणितावरून चेहऱ्यावर जातं, असं त्याचं म्हणणं. तेव्हा यूट्यूबवर दहा मिनिटांची मर्यादा होती, म्हणून धडेही छोटे. पुढं भावंडं त्याला काय म्हणाली, ठाऊक आहे? तू समोर असण्यापेक्षा यूट्यूबवरच बरा! खरंच आहे की. व्हिडिओ थांबवता येतो, मागं नेता येतो आणि ‘इतकं साधं कसं येत नाही?’ असं कुणी विचारत नाही.

मग अनोळखी लोकांची पत्रं येऊ लागली. एका पालकानं कळवलं, आमच्या 12 वर्षांच्या स्वमग्न मुलाला गणित अजिबात जमत नव्हतं. तुमचा दशांशांचा धडा पाहिला आणि त्याला ते कळलं. ज्याला कधी पाहिलं नाही, अशा माणसाच्या हाती त्यांनी मुलाचं गणित दिलं होतं. 2008 मध्ये ‘खान अकॅडमी’ ही ना-नफा संस्था झाली. 2009 मध्ये खाननं नोकरी सोडली आणि घरातल्या कपड्यांच्या खोलीत बसून तो धडे करू लागला. धडे फुकट, त्यामुळे महिने काढले ते शिलकीवर. 2010 मध्ये गूगलनं 20 लाख डॉलर दिले, तेव्हा कुठं हायसं वाटलं.

मला स्वतःला मात्र यापुढचा प्रसंग जास्त आवडतो. 2012 साली अमेरिकेतल्याच दोन प्राध्यापकांनी त्याचा ऋण संख्यांच्या गुणाकाराचा धडा घेतला आणि त्यावर चेष्टेचा व्हिडिओ केला. धडा चालू आणि हे दोघे मध्येमध्ये चुका काढताहेत! इथं शब्द चुकला, तिथं खूण गोंधळात टाकणारी. सगळ्या जगासमोर हं! खान लिहून न घेता, सुचेल तसा बोलत शिकवायचा. त्यात घसरणं आलंच. आता काय करायचं? ‘माझे एवढे चाहते, तुमचे किती?’ असं म्हणता आलं असतं. चाहत्यांनी त्या प्राध्यापकांना हवं तसं बोलूनही घेतलं असतं. पण काही दिवसांतच खान अकॅडमीनं तो धडा काढून टाकला आणि त्या जागी नवे धडे तयार करून ठेवले.

तुमच्यापैकी कुणी चित्रकलेचे नाहीतर बुद्धिबळाचे व्हिडिओ करत असेल, तर आई-बाबांना जवळ बसवून आपला सगळ्यात जुना व्हिडिओ पुन्हा पाहा. घराचा पत्ता, शाळेचं नाव त्यात चुकून आलंय का, तेही तपासा. आणि मग चुका मोजा. माझ्या शेजारच्या बारा वर्षांच्या चित्रकारानं मोजल्या, तर अकरा निघाल्या. त्यातल्या नऊ, म्हणतो, त्याच्या लहान बहिणीनं तेव्हाच सांगितल्या होत्या!