बंद पडलेला ब्लॉग पुन्हा सुरू करताना

जुना ब्लॉग पुन्हा सुरू करायचा म्हटलं की आधी त्याचं रंगरूप बदलायची हुक्की येते. ते राहू द्या. आधी ब्लॉग उघडतोय का ते बघा. ब्लॉगर ही सेवा १९९९ साली निघाली आणि २००३ मध्ये गूगलकडे गेली. तिथला ब्लॉग ज्या खात्यातून चालवलात, ते खातं तपासा, कारण दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं. आत शिरता आलं तर काहीही बदलण्याआधी सगळ्या लेखांचा बॅकअप उतरवून घ्या.

खरं किचकट काम जुन्या फॉन्टचं. युनिकोड रुळण्याआधी टाइप केलेला मजकूर मोबाइलवर इंग्रजी अक्षरांची भेळ होऊन दिसतो. कारण त्या फॉन्टमध्ये साठवलेली असतात इंग्रजी अक्षरंच, वर फक्त मराठी चेहरा चढवलेला. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. कन्व्हर्टर जुना मजकूर चुटकीसरशी युनिकोडमध्ये आणतो, पण पहिली वेलांटी नीट तपासा. जुन्या फॉन्टमध्ये ती दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप होई. युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते. त्यामुळे ‘स्थिती’ लिहिताना वेलांटीने अख्ख्या ‘स्थ’वरून उडी मारायला हवी. ती मधेच अडकली की शब्द फुटतो. तसंच अर्ध्या ‘र’चं. सह्याद्रीतल्या ‘दऱ्या’ कन्व्हर्टरने ‘दर्या’ केल्या, तर वाचक डोंगरातून थेट समुद्रात! इथे डोळ्यांनी वाचण्याला पर्याय नाही.

जुन्या लेखांचे पत्ते मात्र बदलू नका, कुणी ना कुणी त्यांचे दुवे कुठेतरी दिलेले असतात. नव्या लेखाचा पत्ता प्रसिद्ध करण्याआधीच ठरवा. शीर्षक देवनागरीत असलं की ब्लॉगर पत्त्यात ते घेत नाही. नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एखादा आकडा जोडून मोकळा होतो. पर्मालिंकच्या खान्यात रोमन लिपीत दोन-तीन नेमके शब्द टाकलेत की काम झालं.

पहिल्या लेखात ‘बरेच दिवस लिहिलं नाही, क्षमस्व’ नको. सरळ विषयाला हात घाला. वाचकांना बोलावणं धाडायचीही घाई नको. फीड वाचायचं गूगल रीडर २०१३ साली बंद झालं तरी ब्लॉगची फीड चालूच असते; ज्यांनी ती दुसऱ्या फीड रीडरमध्ये जोडून ठेवली आहे, त्यांच्याकडे नवा लेख आपोआप पोचतो.