परसातल्या कोंबड्या (भाग ६) : पिल्लू मलूल झालं तर

पिल्लं निवडून कशी आणायची ते मागच्या आठवड्यात पाहिलं. कितीही पारखून आणली तरी एखादं डोळे मिटून, पंख ढिले सोडून कोपऱ्यात उभं राहतंच. अशा वेळी घरातलं कुणीतरी ड्रॉपर शोधायला धावतं. ड्रॉपर राहू द्या. आधी पिल्लाचे पाय आपल्या गालाला लावून पाहा. गार लागले तर पहिलं औषध ऊब.

पहिले काही दिवस पिल्लाला स्वतःचं तापमान राखता येत नाही. ते काम आईच्या पंखांचं. गारठलेल्या पिल्लाचं पचनही मंदावतं, मग घाईघाईने भरवलेलं तसंच पडून राहतं. पहिल्या आठवड्यात पिल्लांजवळ साधारण ३५ अंश सेल्सिअस तापमान हवं, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटर नसला तरी अडत नाही. पिल्लं बल्बखाली गोळा होऊन चिवचिवत असतील तर थंडी, चोची उघड्या टाकून कडेला गेली असतील तर उकाडा. बल्ब मात्र जुना पिवळाच हवा. एलईडीने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. वीजबिल वाचवणाऱ्यांना हे पुनःपुन्हा सांगावं लागतं! वीज गेलीच तर फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली चालते.

पिल्लाने मान उचलली की मग पाणी. कोमट पाण्यात थोडा गूळ विरघळवा आणि चोचीचं फक्त टोक बुडवा. नाकपुड्या चोचीच्या मुळाशी असतात, त्या कोरड्या राहिल्या पाहिजेत. प्यायलं नाही तर चोचीच्या कडेला एकेक थेंब ठेवा, ते आपणहून गिळतं. तोंडात पिचकारी मारलीत तर पाणी श्वासनळीत जाऊन पिल्लू दगावू शकतं. गुळपाणी काही तासच द्यावं, नाहीतर हगवण लागते. नुकत्याच निघालेल्या पिल्लाला दाण्याचीही घाई नको. बलकाची दोन-तीन दिवसांची शिदोरी त्याच्या पोटात असते.

शेपटीखाली विष्ठा वाळून वाट बंद झाली असेल तर कोमट ओल्या फडक्याने भिजवून सोडवा. ओढलीत तर कातडी निघते. बेंबीला हात लावू नका. बेंबी ओली, दुर्गंधी येणारी आणि पोट फुगलेलं असेल, तर ते पिल्लू सहसा वाचत नाही, हे कबूल करावं.

पाय फाकले असतील तर खालचं गुळगुळीत वर्तमानपत्र काढून गोणपाट घाला आणि दोन्ही पाय नेहमीच्या अंतरावर राहतील अशी मऊ पट्टी बांधा. हा उपाय पहिल्या दोन-तीन दिवसांतच लागू पडतो.

इथवर घरगुती शुश्रूषा पुरते. तीनेक आठवड्यांच्या पिल्लाच्या विष्ठेत रक्त दिसलं तर बहुधा कॉक्सिडिओसिस. त्यावर औषध आहे, पण मात्रा पशुवैद्यकाकडूनच घ्या. हिरवट हगवण, धाप, पिळवटलेली मान दिसली तर राणीखेत, म्हणजेच मानमोडीचा संशय घ्या. तिच्यावर इलाज नाही. आजारी पिल्लू लगेच वेगळं करा, आणि दाणापाणी आधी निरोगी पिल्लांना, शेवटी त्याला. मानमोडीची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी द्यायची असते. ती कशी, ते पुढच्या आठवड्यात.