पालकांचे आजारपण, बालकुमार कथासाहित्यातील

आई किंवा वडील दीर्घकालीन, प्राणघातक अथवा मानसिक आजाराने ग्रस्त झाले असता त्यांचे मूल त्या परिस्थितीला कसे तोंड देते, या विषयावरील कथा-कादंबऱ्या व त्यांच्या मूल्यमापनाचे निकष यांचा विचार येथे केला आहे. अशा लेखनाचा वाचक कित्येकदा स्वतःच त्या अनुभवातून जात असतो. त्यामुळे त्यातील खोटेपणा हा निव्वळ वाङ्‌मयीन दोष राहत नाही. तो त्या वाचकाच्या एकाकीपणात भर घालतो.

पार्श्वभूमी : स्विस मानसशास्त्रज्ञ झां प्याजे (१८९६–१९८०) यांच्या मते सुमारे दोन ते सात वर्षे वयाच्या मुलाचा विचार आत्मकेंद्री असतो. आपल्या मनातील इच्छेमुळे वा वागणुकीमुळे बाहेरच्या घटना घडतात, असे त्याला वाटू शकते. ‘मी त्रास दिला म्हणून आई आजारी पडली’ ही समजूत यातूनच निर्माण होते. मोठ्या मुलांना आजाराचे कारण कळते. परंतु त्यांच्या वाट्याला घरकामाचा व धाकट्या भावंडांचा भार, आजारी पालकाविषयीचा राग आणि त्या रागाची लाज ही येतात. मुलाला दुःख होऊ नये म्हणून वडीलधारी मंडळी सत्य लपवितात. मूल मात्र कुजबुज, मिटलेली दारे आणि पाहुण्यांची अकारण माया यांवरून ते ताडते. या मिश्र भावनांचे चित्रण किती प्रामाणिकपणे झाले आहे, हा मूल्यमापनाचा पहिला निकष होय.

पाश्चात्त्य साहित्य : एकोणिसाव्या शतकातील कथांत पालकाचे आजारपण बहुधा मुलांच्या सद्‌गुणांची कसोटी म्हणून येते. लुइझा मे अल्कट (१८३२–८८) यांच्या लिटल विमेन (१८६८) या कादंबरीत वडील वॉशिंग्टनच्या रुग्णालयात असल्याचे कळताच जो ही मुलगी आईच्या प्रवासखर्चासाठी आपले केस विकते. त्यागानंतर रात्री तिला आलेले रडू लेखिकेने टाळलेले नाही, म्हणून हा प्रसंग कोरडा उपदेश होत नाही. सी. एस्. ल्यूइस (१८९८–१९६३) यांची आई १९०८ मध्ये, ते नऊ वर्षांचे असताना, कर्करोगाने वारली. त्यांच्या द मॅजिशियन्स नेफ्यू (१९५५) या अद्‌भुत कादंबरीतील डिगरीची आई मात्र जादूच्या सफरचंदाने बरी होते. हा शेवट इच्छापूर्तीचा आहे, असा आक्षेप घेता येतो. तथापि कथेचा गाभा त्याआधीच्या प्रसंगात आहे : फळ चोरून आईला वाचविण्याचा मोह डिगरी दिलेल्या वचनासाठी आवरतो आणि ती आता मरेल, या जाणिवेसह परततो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मानसिक आजाराचाही या साहित्यात प्रवेश झाला. सिंथिया व्हॉइट यांच्या होमकमिंग (१९८१) मध्ये मनाचा तोल गेलेली आई चार मुलांना मोटारीत सोडून निघून जाते व थोरली डायसी भावंडांना सांभाळते. जॅक्लीन विल्सन यांच्या द इलस्ट्रेटेड मम (१९९९) मधील डॉल्फिन आईच्या उन्मादाला कधी भुलते, तर कधी भिते. आजारी पालकाला केवळ दयनीय वा खलनायकी न ठरविता त्याच्याविषयीचे प्रेम आणि भय एकत्र दाखविणे, हे या कादंबऱ्यांचे बलस्थान आहे.

पॅट्रिक नेस यांची अ मॉन्स्टर कॉल्स (२०११) ही या प्रकारातील विशेष महत्त्वाची कादंबरी. तिची मूळ कल्पना शिव्हॉन डाउड (१९६०–२००७) या लेखिकेची. कर्करोगाने त्यांचे निधन झाल्यावर नेस यांनी ती कादंबरीरूपाने साकार केली. कथानायक कॉनर तेरा वर्षांचा असून त्याच्या आईवर कर्करोगाचे उपचार चालू आहेत. परसातून दिसणारा यू वृक्ष राक्षसाच्या रूपाने येऊन त्याला तीन गोष्टी सांगतो व चौथी त्याच्याकडून मागतो. आई दगावली तरी चालेल, पण ही यातना संपावी, असे आपल्याला वाटले होते, हे कॉनरचे सत्य त्या चौथ्या गोष्टीत उघड होते. परस्परविरोधी इच्छा मनात एकाच वेळी नांदू शकतात व विचार म्हणजे कृती नव्हे, हे त्याला समजते. आई मात्र वाचत नाही. आजीच्या दिवाणखान्याची मोडतोड केल्यावरही कोणी त्याला शिक्षा करीत नाही, हा तपशील मार्मिक आहे : सर्वांच्या सवलतीने तो अधिकच एकटा पडतो. या पुस्तकाला २०१२ मध्ये कार्नेगी पदक आणि जिम के यांच्या चित्रांसाठी केट ग्रीनअवे पदक मिळाले.

भारतीय संदर्भ : साने गुरुजींनी (१८९९–१९५०) १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या श्यामची आई मध्ये प्रौढ श्याम आश्रमातील मित्रांना आठवणी सांगतो. आईच्या अखेरच्या आजारात तो शिक्षणासाठी दूर असतो. त्यामुळे शुश्रूषेपेक्षा अनुपस्थितीची खंत येथे प्रभावी ठरते. कर्जापायी झालेली घराची वाताहत व आईचे खचणे यांचा संबंधही त्यात स्पष्ट आहे. मात्र निवेदनावर मातृभक्तीचा गाढ रंग असल्याने रागासारख्या भावनांना त्यात वाव कमी मिळतो. अनिता देसाई यांची द व्हिलेज बाय द सी (१९८२) ही इंग्रजी कादंबरी अलिबागजवळील थळ गावात घडते. आई अंथरुणाला खिळलेली, वडील व्यसनाधीन, अशा स्थितीत लीला घर चालविते व तिचा भाऊ हरी मुंबईत उपाहारगृहात काम करतो. आजारपण ही आर्थिक घटनाही आहे आणि औषधापर्यंत पोहोचणे हाच मुलांपुढील प्रश्न असतो, हे तीतून प्रत्ययास येते.

निकष व मर्यादा : वरील विवेचनावरून भावनांचा प्रामाणिकपणा, मुलाच्या वयाला साजेशी दृष्टी व भाषा, आजाराची वस्तुनिष्ठ माहिती, आजारी पालकाचे व्यक्तित्व टिकविणे आणि सामाजिक परिस्थितीचे भान हे प्रमुख निकष ठरतात. शेवट सुखान्त की दुःखान्त, हे गौण आहे. तो कथेतून स्वाभाविकपणे निघाला पाहिजे. मुलाच्या ‘चांगल्या’ वागण्याने पालक बरा होतो, असे सुचविणारी कथा मात्र सदोष मानावी लागते. कारण पालक बरा न झाल्यास दोष आपलाच, असा निष्कर्ष वाचक काढू शकतो. अमेरिकन लेखक सॅम्युएल क्रोदर्स यांनी १९१६ मध्ये ग्रंथोपचारासाठी वापरलेल्या संज्ञेनंतर पुस्तकांच्या उपचारमूल्याचा विचार वाढला. तरीही पुस्तक हे मुलाशी मोकळेपणाने बोलणाऱ्या मोठ्या माणसाची जागा घेऊ शकत नाही. ते त्या बोलण्याला वाट करून देते.