व्हॅक्यूम इन्फ्युजन: आधी हवा काढा, मग रेझिन सोडा

डिंभे जलाशयात विस्थापित आदिवासींची सहकारी संस्था मासेमारी करते. अशा पाण्यावर हलकी, टिकाऊ होडी हवी असेल, तर व्हॅक्यूम इन्फ्युजनचं तंत्र जरूर समजून घ्या, मंडळी!

फायबरग्लासच्या होडीत ब्रशने लावलेलं रेझिन कुठे साचतं, कुठे बुडबुडा राहतो. इन्फ्युजनमध्ये साच्यात काचेचं कापड कोरडंच अंथरतात. वर पील प्लाय (नंतर सोलून काढायचं कापड), रेझिन पसरवणारी जाळी, नळ्या आणि प्लास्टिकची पिशवी. कडा चिकटपट्टीने हवाबंद. पंपाने हवा ओढली की वातावरणाचा दाब, समुद्रसपाटीला चौरस मीटरमागे सुमारे 10 टन, कापड घट्ट दाबून धरतो. मग नळी उघडायची. ओली रेघ डोळ्यांदेखत पुढे सरकते, बघतच राहावं! वजनात काच 60 टक्क्यांच्या पुढे नेता येते, रेझिनमधल्या स्टायरीनचा वासही कमी.

फायबरग्लासवर भरवसा ठेवावा का? दिलीप दोंदे 2009-10 मध्ये ज्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ती गोव्यात बांधलेली ‘म्हादेई’ लाकूड-फायबरग्लासचीच.

रेझिन कालवण्याआधी पंप बंद करून गेज बघाच. काटा पडला म्हणजे गळती. पिशवीजवळ कान नेला तर बारीक शिट्टी ऐकू येते. उन्हाळ्यात काम पहाटे उरका, उष्णतेने रेझिन अर्ध्या वाटेतच घट्ट होतं.