परदेशी सेवेस निघण्यापूर्वी

सांबऱ्याच्या माळावरून विमान उठले, की शेतात भांगलणारी माणसे आजही क्षणभर मान वर करतात. त्या विमानाने नोकरीसाठी वा शिक्षणासाठी जाणाऱ्यांचे आता कोणास नवल राहिलेले नाही. परंतु केवळ सेवेकरिता, स्वतःच्या खर्चाने आणि परकी भाषा शिकण्याच्या ओढीने एखाद्या मुलीने परदेशी जायचे म्हटले, तर वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. आमच्या परिचयाच्या एका घरी हेच घडले. मुलीला फ्रान्समधील लूर्द येथे जाऊन आजारी यात्रेकरूंची सेवा करावयाची आहे. तत्पूर्वी महिनाभर तिकडेच भाषेचा वर्ग करावयाचा आहे. वडिलांचा आक्षेप पैशापुरता नव्हता. तिकडचा उन्हाळा म्हणजे जून ते ऑगस्ट, आणि तेव्हा आपल्याकडे भाताची पेरणी नि भांगलण. “बाहेरची माणसे मिळत नाहीत, आणि घरचे दोन हात तू परदेशी नेणार?” हा प्रश्न, प्रिय वाचकहो, हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्याचे उत्तर पुढे येईलच.

लूर्दला सेवकांची गरज आहे यात शंका नाही. यात्रेचा हंगाम उन्हाळ्यात भरास येतो आणि १५ ऑगस्टच्या स्वर्गोन्नयनाच्या सणास गर्दीचा कळस होतो. आजाऱ्यांना गाडीतून गुहेपर्यंत नेणे, स्थानकावर उतरवून घेणे, भोजनगृहात वाढणे, ही कामे १८८५ पासून तेथील स्वयंसेवकांची संस्था पाहते. वयाची अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात. प्रवास आणि राहण्याचा खर्च ज्याचा त्याने करावयाचा. या कामास विद्वत्ता लागत नाही. मग भाषेचा हा खटाटोप कशासाठी? इंग्रजीवर निभावणार नाही का?

निभावेल, पण तेवढेच. अंथरुणास खिळलेली एखादी म्हातारी पाणी मागते, उशी सरकवावयास सांगते, घाबरते, ते आपल्या घरच्या बोलीत. लूर्दचा इतिहासच या बाबतीत मोठा बोलका आहे. १८५८ साली चौदा वर्षांच्या बर्नादेतला अठरा वेळा दर्शन झाले, तेव्हा पवित्र माता तिच्याशी पुस्तकी फ्रेंचमध्ये बोलली नाही. त्या मुलीला फ्रेंच धड येतच नव्हते. माता बोलली ती त्या डोंगराळ मुलखातील बोलीत. आणि तेही ‘तू’ न म्हणता आदराने, याचे त्या गरीब मुलीस नवल वाटले. आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांच्यासारखाच भेद फ्रेंचमध्येही आहे. आपल्या मुलांना तो समजावून सांगण्याची गरज पडत नाही. इंग्रज मुलांना मात्र तो घोकावा लागतो.

आपल्याच भागांत पाहावे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यास उतरले आणि १६१९ साली मृत्यू येईपर्यंत सुमारे चाळीस वर्षे येथेच राबले. त्यांनी मराठी अशी आत्मसात केली, की १६१६ साली राचोल येथे छापलेल्या त्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त अकरा हजारांच्या आसपास ओव्या आहेत. कोकणीचे व्याकरणही त्यांनी रचले. ते त्यांच्या पश्चात १६४० साली छापले गेले. उलट दिशेने गेला तो वसईचा संत गोन्सालो गार्सिया. कोवळ्या वयात तो जपानला गेला, तेथली भाषा शिकला, काही काळ व्यापारही केला. आणि पुढे फ्रान्सिस्कन बंधू झाल्यावर त्याच भाषेच्या बळावर दुभाष्या म्हणून पुन्हा जपानात उतरला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्याला क्रुसावर मरण आले. १८६२ साली तो संत म्हणून घोषित झाला. त्याचे हौतात्म्य आपण आठवतो. त्याने परक्या देशात अक्षर अक्षर घोकण्यात घालवलेले दिवस मात्र सहसा कोणी आठवत नाही.

या कामी सीमाभागातील मुले मागे नाहीत, उलट पुढेच आहेत, असे आमचे मत आहे. घरी मराठी, बाजारात नि कचेरीत कन्नड, काही कुटुंबांत प्रार्थनेला कोकणी, शाळेत इंग्रजी, अशी चार भाषांची ये-जा सांबऱ्याच्या पोराला जन्मापासून असते. चुकीचे बोलले तरी चालते, समोरचा समजून घेतो, ही मोठी विद्या त्याला आयती मिळालेली असते. पुस्तकी हुशार मुले नेमकी येथेच अडतात. चुकण्याच्या लाजेने ती तोंडच उघडत नाहीत.

आता कागदपत्रांचे. व्हिसासाठी अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांच्या आत करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी तो गेला पाहिजे. पण शेवटच्या पंधरवड्याची वाट पाहणे वेडेपणाचे. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर आणखी तीन महिने चालणारा आणि दोन पाने कोरी असलेला हवा. किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा अधिक राहता येत नाही. आपल्या धर्मगुरूंचे शिफारसपत्र आधीच मागून ठेवावे. ऐन पावसाळ्याच्या तोंडावर त्यांनाही सवड नसते. फ्रेंचचा पहिला पाठ मात्र तिकडे गेल्यावर गिरवण्यात अर्थ नाही. आलियांस फ्रांसेझ ही संस्था पुणे व बेंगळुरू येथे फ्रेंच शिकवते. प्रारंभीचे धडे येथेच उरकले, तर तिकडच्या महिन्याचे चीज होते.

राहिला भांगलणीचा प्रश्न. त्या घरच्या आईने तो सोडवला. शेजारच्या दोन कुटुंबांशी तिने पैरा ठरवला: मुलीच्या वाट्याचे दिवस ती घरे भरून देतील, आणि सुगीला मुलगी त्यांच्या शेतात तितके दिवस उभी राहील. वडिलांनी अजून होकार दिलेला नाही. मात्र सायंकाळच्या जपमाळेत पाचवे दशक आता मुलगी फ्रेंचमध्ये म्हणते, आणि ते तिला अडवत नाहीत. धाकटा भाऊ तिचे उच्चार ऐकून हसतो. त्याला आई दटावते.