पैठणचा माळ, पळस आणि उंबराचे फूल

कर्कवृत्त महाराष्ट्राच्या उत्तरेने, मध्य प्रदेशातून जाते. पैठण त्याच्या बरेच खाली, साडेएकोणीस अंशांच्या आसपास आहे. म्हणजे पैठणच काय, सगळा महाराष्ट्रच उष्ण कटिबंधात येतो. तरीही ‘उष्णकटिबंधीय जंगल’ म्हटले की आपल्याला ॲमेझॉन आठवते, फार तर आंबोली किंवा कोयनेचे खोरे: वेली, शेवाळ, सतत ठिबकणारी पाने. एच. जी. चॅम्पियन आणि एस. के. सेठ यांनी १९६८ साली भारतातल्या वनांचे जे वर्गीकरण मांडले, त्यात शुष्क पानझडी आणि काटेरी वने याच उष्णकटिबंधीय घराण्यात बसतात. शुष्क पानझडी वन हा तर देशातला सर्वाधिक क्षेत्र व्यापणारा वनप्रकार आहे. मराठवाडा त्याच घराण्यातला. पण आपणच त्याला ओळख देत नाही. पैठणला आलेल्या पाहुण्याला हिरवाई दाखवायची म्हणून आपण ज्ञानेश्वर उद्यानात नेतो. गावाबाहेरच्या माळावर कोणी नेत नाही. त्या माळाबद्दल आणि तिथल्या झाडांबद्दल आपल्या मनात पक्क्या बसलेल्या काही समजुती तपासायला हव्यात.

‘माळ म्हणजे तोडलेल्या जंगलाचा सांगाडा’

गोदावरीकाठची काळी जमीन सोडून थोडे चढणीला लागले की मुरूम सुरू होतो. कुसळी, पवन्या, मारवेल अशी गवते, मधूनच एखादा हिवर, बोर, तरवड, हिंगणबेट. ही जमीन बोलण्यात गायरान, सातबाऱ्यावर पोटखराबा आणि केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या ॲटलासमध्ये चक्क पडीक. जी जमीन महसूल देत नाही ती वाया गेलेली, ही जुन्या राजवटींची नजर अजून आपल्या कागदांतून हललेली नाही. आणि त्यावर चढलेली दुसरी समजूत अशी की इथे पूर्वी घनदाट रान होते, माणसाने कुऱ्हाड चालवली, गुरांनी उरलेले खाल्ले आणि माळ झाला.

काही ठिकाणी तसे झालेही आहे. पण सरसकट माळाची ही जन्मकथा खरी नाही. खाली बेसॉल्टचा कातळ, वर वीतभर मुरूम, पाऊस साधारण ७०० मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत. उरलेले आठ महिने कोरडे. अशा ठिकाणी मोठ्या झाडांच्या मुळांना खोली मिळत नाही, गवताला मात्र वरचा थर पुरतो. कडक ऊन आणि कमी पाण्यात कार्यक्षमतेने अन्न तयार करणारी, शास्त्रज्ञ ज्यांना सी-४ गवते म्हणतात ती, भारतीय उपखंडात सुमारे ७० ते ८० लाख वर्षांपूर्वी पसरली. कुऱ्हाड हातात घेणारा माणूस तेव्हा जन्मालाही आला नव्हता.

इतक्या जुन्या पुराव्यापेक्षा मला जवळचा वाटतो तो मराठीतला पुरावा. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोन संशोधकांनी २०२५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी १३ व्या शतकापासूनच्या मराठी ओव्या, कथा, चरित्रे आणि लोकगीते चाळली आणि त्यात आलेल्या रानटी वनस्पतींची नोंद केली. पश्चिम महाराष्ट्रातल्या ४४ वनस्पती सापडल्या. त्यांतल्या जवळपास दोन-तृतीयांश मोकळ्या गवताळ प्रदेशातच वाढणाऱ्या निघाल्या. म्हणजे साडेसातशे वर्षांपूर्वीही तिथे माळच होता. पैठणच्या वाचकाला हे विशेष वाटावे, कारण त्याच १३ व्या शतकात चक्रधरस्वामी पैठणात राहिले आणि लीळाचरित्राचे पुष्कळसे गद्य याच गोदाकाठच्या पायवाटांवरून चालत येते. मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेची पंढरपुरातली कथा घ्या. विठ्ठलाच्या दारात तिचा देह पडला आणि तिथे तरटीचे झाड उगवले, असे परंपरा सांगते. तरटी हे काटेरी, कोरड्या माळाचे झाड. भक्तांनी चंदन किंवा कदंब उगवल्याचे सांगितले नाही. जे अवतीभोवती होते तेच कथेत आले.

याचा अर्थ इथे झाडी नव्हतीच असा घेऊ नये. सातवाहनांच्या राजधानीशी, म्हणजे पैठणशी, जोडल्या गेलेल्या गाथासप्तशतीत गोदावरीकाठच्या दाट झाडीतल्या मोहाला उद्देशून एक गाथा आहे, पळसाची फुलेही आहेत. नदीकाठी आणि ओढ्यांत झाडी, डोंगरांच्या घळीत पानझडी रान, आणि मधल्या उंचवट्यावर गवत, असा हा जुना नकाशा आहे. कन्नडकडचे गौताळा अभयारण्य पाहिले की त्यातला डोंगराचा भाग कळतो. माळाचा भाग कळायला नान्नजच्या माळढोक अभयारण्यात जावे लागते. ‘माळढोक’ या पक्ष्याच्या नावातच त्याचे घर आहे. ते घर पडीक ठरवले की पक्षी कुठे जाणार?

माळ रिकामा दिसतो, कारण त्याची संपत्ती जमिनीखाली असते. खर्पुडीवर्गातली कंदीलपुष्पे आठ-नऊ महिने कंदाच्या रूपात निजलेली असतात. कुसळीच्या बीला लांब पीळदार शेपूट असते. हवा दमट झाली की पीळ सुटतो, कोरडी झाली की पुन्हा बसतो, आणि या हालचालीने बी स्वतःच जमिनीत स्क्रूसारखे घुसते. धोतरात अडकून टोचणारे कुसळ हे खरे तर पेरणीचे अवजार आहे. भारतीय द्वीपकल्पातल्या अशा गवताळ प्रदेशांत, जगात इतरत्र कुठेही न सापडणाऱ्या २०६ वनस्पतींची यादी २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिली आहे. त्यांतल्या पुष्कळशा गेल्या काही दशकांतच शास्त्राला कळल्या.

‘उन्हाळ्यात झाडे वाळतात आणि पावसाची वाट पाहत बसतात’

मार्चमध्ये पळस, पांगारा, काटेसावर ओकेबोके दिसतात म्हणून आपण हळहळतो. पानगळ हा आजार नाही, तो पाण्याचा हिशेब आहे. पानांवाटे सर्वाधिक पाणी उडते. पाने टाकली की तो खर्च थांबतो आणि खोल मुळांनी ओढलेले पाणी खोडात साठू लागते. कांडोळाची साल पांढुरकी, पण ती नखाने जरा खरवडली की खाली हिरवा थर दिसतो. पाने नसतानाही तो थर थोडे अन्न तयार करत राहतो.

आणि झाडे पावसाची वाट पाहत नाहीत, याचा पुरावा आपण दरवर्षी चावून खातो. पाडव्याला कडुनिंबाची कोवळी पालवी गुळासोबत खातो ना? ती पालवी येते कुठून? पाऊस अजून दोन-अडीच महिने लांब असतो, उन्हाचा तडाखा वाढत असतो, आणि नेमकी तेव्हाच कडुनिंब, पिंपळ, करंज, मोह तांबूस-पोपटी होतात. मान्सूनी आशियातल्या जंगलांचे हे कोडे वनस्पतिशास्त्रज्ञांनी बारकाईने अभ्यासले आहे. खोडात साठलेले पाणी आणि वाढत जाणारा दिवस यांच्या इशाऱ्यावर पुष्कळ झाडे पालवतात. पहिला पाऊस पडतो तेव्हा त्यांची पाने तयार असतात, चार महिन्यांतला एक दिवसही वाया जात नाही. पळसाची शेंगही पावसाच्या तोंडावर पिकते आणि वाऱ्यावर उडते.

पळसाला पाने तीनच, ही म्हण मात्र वनस्पतिशास्त्रात टिकत नाही. ती तीन पाने नव्हेत. एकाच संयुक्त पानाची तीन दले आहेत. म्हणीचा अर्थ त्याने कमी होत नाही.

पळसावर मैना, कावळे, शिंजीर, बुलबुल असा सगळा गाव लोटतो. बघणाऱ्याला वाटते, सगळेच परागीभवन करतात. राजेश टंडन, के. आर. शिवण्णा आणि एच. वाय. मोहन राम यांनी पळसाच्या प्रजननावर केलेला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला, त्यात वेगळेच निघाले. फुलावर येणाऱ्या पक्ष्यांपैकी खऱ्या अर्थाने परागीभवन करणारा एकच: जांभळा शिंजीर. सोबतीला खार. बाकीचे पक्षी मध पिऊन जात. गर्दी आणि उपयोग यांत केवढे अंतर असते!

‘उंबराला फूल येत नाही’

कितीतरी दिवसांनी कोणी घरी आले की आपण म्हणतो, ‘तुम्ही म्हणजे उंबराचे फूल!’ दिसत नाही म्हणून नाही, हा समज इतका पक्का की तो भाषेतच बसला. प्रत्यक्षात उंबराला फुले येतात, हजारोंनी येतात. आपण ज्याला फळ म्हणतो ती आतून पोकळ कुपी असते आणि तिच्या आतल्या भिंतीवर इवलीशी फुले लगडलेली असतात. कच्चे उंबर मधोमध कापून भिंगातून पाहा.

आत जायला टोकाला एक अरुंद वाट असते. तिथून उंबरमाशीची मादी शिरते. मराठीने तिला फार पूर्वीच नाव दिले आहे, ‘केंबरू’. उंबर फोडून केंबरे काढू नये, असे आपण म्हणतो. भाषेला केंबरे दिसले, फूल दिसले नाही; आणि केंबरे तिथे कशासाठी आले, हेही दिसले नाही. आत शिरताना मादीचे पंख तुटतात. दुसऱ्या उंबरातून आणलेले पराग ती फुलांवर टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले बिनपंखी नर आधी बाहेर पडतात, माद्यांशी मीलन करतात, भिंतीला भोक पाडतात. माद्या पराग घेऊन त्यातून उडतात. एका मादीचे बाहेरचे आयुष्य एखाददुसऱ्या दिवसाचे, तेवढ्यात तिला योग्य अवस्थेतले दुसरे उंबर शोधावे लागते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेनी बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नात्यावर वर्षानुवर्षे काम केले आहे.

हे चालायचे तर आसपासच्या सगळ्या उंबरांनी एकाच वेळी फळून चालत नाही. कोणते ना कोणते झाड वर्षभर फळलेले असते. म्हणूनच ऐन मे महिन्यात, रानात दुसरे काही नसताना, तांबट, हरियाल, कोकिळा आणि वटवाघळे उंबरावर जगतात. ओढ्याकाठचे दोन-चार उंबर तोडले तर पक्ष्यांचा उन्हाळा जातोच, त्या परिसरातल्या केंबरांची साखळीही तुटू शकते. दत्ताचे झाड म्हणून आपण त्याला कुऱ्हाड लावत नाही, ही श्रद्धा मला फार मोलाची वाटते.

‘मराठवाड्यात वनस्पती आहेतच किती?’

थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात आला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात, इलाख्याबाहेर. सह्याद्रीतल्या पानाफुलांची नोंद झाली आणि आपला भाग तसाच राहिला. नोंद नाही याचा अर्थ वनस्पती नाहीत, असा लावला गेला. ही उणीव मराठवाडा विद्यापीठातल्या वि. ना. नाईक यांनी भरून काढली. १९७९ साली उस्मानाबाद जिल्ह्याची आणि १९९८ साली दोन खंडांत सगळ्या मराठवाड्याची वनस्पतिसूची त्यांनी सिद्ध केली.

‘कोणतेही झाड लावा, झाड ते झाड’

२०१६ ते २०१९ या काळात राज्यात दोन कोटींपासून तेहतीस कोटींपर्यंत वृक्षलागवडीच्या मोहिमा झाल्या. हेतू चांगला होता. पण गिरिपुष्प आणि सुबाभूळ मध्य अमेरिका-मेक्सिकोकडचे, निलगिरी ऑस्ट्रेलियाची, गुलमोहर मादागास्करचा. माळावर चर खणून गवत उपटायचे आणि तिथे यांची रोपे लावायची, हे घर पाडून मांडव घालण्यासारखे आहे. पैठणच्या बांधावर लावायचेच तर भोकर, बोर, आपटा, हिवर, मेडशिंगी, ओढ्याला करंज आणि उंबर लावावेत. माळाचे गवत मात्र चराई आळीपाळीने ठेवून तसेच राहू द्यावे.

नावांचा घोळ फार होतो. बाभूळ इथलीच, वेडी बाभूळ अमेरिका खंडातून आलेली, आणि माळ गिळत चाललेली तीच. दोन्हींच्या शेंगा शेळ्या आवडीने खातात. टणक सालीचे बी त्यांच्या पोटातून मऊ होऊन लेंड्यांतून बाहेर पडते, आणि पहिल्या पावसानंतर वाडग्याच्या कडेला कोंबच कोंब दिसतात. शेळी देशी-विदेशी ओळखत नाही. माळावर जे झाड उभे असेल त्याचेच बी ती पेरते. ओळख आपल्याला हवी. बाभळीचे फूल गोल, पिवळ्या गोंड्याचे आणि शेंग मण्यांच्या माळेसारखी, दोन बियांच्या मध्ये आवळलेली. वेड्या बाभळीची फुले फिकट लांबट तुऱ्यात येतात आणि शेंग पिवळसर, सरळ, चवीला गोड.